चौघांसाठी शिडाची होडी, गाडीमागे ओढता येईल अशी?

लेस्टरकर: आम्ही दोघं, मुलं ९ आणि ६ वर्षांची. इथे इंग्लंडात रटलंड वॉटर तलावावर भाड्याच्या होडीत बसलो आणि घरात खूळ शिरलं. आता जुनी घ्यायचीय. गाडी साधी हॅचबॅक. मिरर नावाची छोटी शिडाची होडी बघितली: ११ फुटांच्या आत, जेमतेम ४५ किलो, लाल शिडं. मुलं लट्टू झालीत. घेऊ का?

वल्हेवाला: मिरर गोड आहे हो, पण चौघं बसलात तर गुडघे हनुवटीला लागतील, त्यात डब्याची पिशवी! त्यापेक्षा मोठी, वेफेअरर नावाची होडी बघा. जवळपास १६ फूट, १७० किलोच्या आसपास. १९५७चं डिझाइन. फ्रँक डाय नावाचा इंग्रज १९६३ला असलीच होडी घेऊन आइसलँडला गेला होता. तुम्हाला तळंच पार करायचंय. ट्रेलरला ब्रेक नसेल तर होडीसकट एकूण वजन ७५० किलो किंवा गाडीच्या वजनाच्या निम्मं, यातलं जे कमी असेल त्याच्या आत ठेवा.

खारावारा: ट्रेलरची चाकं पाण्यात बुडवू नका, होडी उतरवायला वेगळी ट्रॉली घ्या. आम्ही दोन मोसम बुडवली. परतताना मोटरवेवर चाक किंचाळायला लागलं. कडेला थांबून बघतो तर बेअरिंगमधून ग्रीसऐवजी गंजाचा चहा गळतोय. बायको अजून काढते तो विषय.

लेस्टरकर: एक वेफेअरर सापडलीय, लाकडी.

वल्हेवाला: लाकडी? होडी तरंगती ठेवणाऱ्या हवेच्या कप्प्यांची झाकणं उघडून आत हात घाला. ओल किंवा कुबट वास आला तर तिथूनच रामराम.