फेंटन प्रक्रियेनंतर फिनॉल नाहीसा होतो, पण टीओसी फारसा उतरत नाही: याचा अर्थ कसा लावावा?

कार्बनशोधक (प्रश्न)

नमस्कार. रासायनिक अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर संशोधनासाठी मी फिनॉलयुक्त सांडपाण्यावरील फेंटन प्रक्रियेचा, म्हणजे लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या साहाय्याने सेंद्रिय द्रव्याचे ऑक्सिडीकरण करण्याच्या पद्धतीचा, अभ्यास करत आहे. पाणी प्रयोगशाळेतच तयार केलेले असल्यामुळे त्यात फिनॉलखेरीज दुसरे कोणतेही सेंद्रिय द्रव्य नाही. फिनॉल दर लिटरला १ ग्रॅम, हायड्रोजन पेरॉक्साइड दर लिटरला २.५ ग्रॅम, लोह फेरस सल्फेटच्या रूपात, पीएच ३ आणि तापमान खोलीचे, अशी परिस्थिती आहे.

एचपीएलसीवर (द्रावणातील संयुगे वेगळी करून मोजणाऱ्या उपकरणावर) फिनॉलचे शिखर अर्ध्या तासाच्या आत जवळजवळ दिसेनासे होते. मात्र त्याच वेळच्या नमुन्यांत सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) सुमारे ४५ टक्क्यांनी आणि टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन) जेमतेम २० टक्क्यांनी कमी झालेला आढळतो. शिवाय सुरुवातीच्या काही मिनिटांत द्रावण गडद तपकिरी होते आणि नंतर हळूहळू फिकट पिवळे पडते.

अशा निकालाला प्रबंधात ‘९९ टक्के विघटन’ म्हणणे योग्य ठरेल का? टीओसी आणखी उतरवायचा असेल तर पेरॉक्साइड वाढवावे, लोह वाढवावे, की अधिक वेळ द्यावा? आणि ओझोन किंवा वेट एअर ऑक्सिडेशन (तापवलेल्या पाण्यात दाबाखाली हवेने ऑक्सिडीकरण) यांपैकी काही निवडले असते तर हा प्रश्न उद्भवलाच नसता का?

रॅडिकलमार्ग

तीनही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात, कारण ते तीन वेगळ्या गोष्टी मोजतात. एचपीएलसी फक्त फिनॉलचा रेणू शाबूत आहे का ते सांगते. सीओडीवरून उरलेल्या द्रव्याला अजून किती ऑक्सिजन लागेल ते कळते, तर टीओसीवरून सेंद्रिय रूपातला किती कार्बन पाण्यात शिल्लक आहे ते कळते. म्हणून ‘९९ टक्के फिनॉल रूपांतरित झाला’ असे अवश्य लिहावे. ‘९९ टक्के प्रदूषण नष्ट झाले’ असा अर्थ निघेल असे मात्र काहीही लिहू नये. ‘विघटन’ हा मोघम शब्द मी तरी शीर्षकातून आणि निष्कर्षातून काढून टाकला असता.

आता हिशेब पाहू. फिनॉलच्या एका मोलचे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होईपर्यंत पूर्ण ऑक्सिडीकरण करण्यासाठी पेरॉक्साइडचे १४ मोल लागतात, म्हणजे १ ग्रॅम फिनॉलला सुमारे ५.१ ग्रॅम. आपण त्याच्या निम्मेच दिले आहे. त्यामुळे पेरॉक्साइडचा एकही रेणू वाया गेला नाही असे गृहीत धरले, तरी केवळ त्याच्या बळावर सीओडी निम्म्याहून अधिक उतरू शकत नाही. प्रत्यक्षात सीओडी ४५ टक्के उतरला, म्हणजे सुमारे नव्वद टक्के पेरॉक्साइड कामी आले असे दिसते. फेंटनसाठी हा आकडा मला संशयास्पद वाटण्याइतका चांगला आहे. द्रावणात विरघळलेला हवेतील ऑक्सिजन सेंद्रिय रॅडिकलांना जोडला जाऊन थोडा हातभार लावतो हे खरे, पण काही कार्बन लोहाच्या गाळाबरोबर निघून गेला आहे का, हेही तपासावे.

याहून उपयोगी ठरेल ते कार्बनची सरासरी ऑक्सिडीकरण अवस्था काढणे. टीओसी कार्बनच्या मोलमध्ये आणि सीओडी ऑक्सिजनच्या मोलमध्ये मांडावा, दोहोंतील फरकाला टीओसीने भागावे आणि चारने गुणावे. फिनॉलसाठी उत्तर उणे ०.६७ येते, हायड्रोक्विनोनसाठी उणे ०.३३, बेंझोक्विनोनसाठी शून्य, मॅलेइक आम्लासाठी अधिक १ आणि ऑक्झॅलिक आम्लासाठी अधिक ३. आपल्या आकड्यांवरून अर्ध्या तासानंतरची अवस्था सुमारे अधिक ०.८ येते. म्हणजे फिनॉलच्या रेणूतील कार्बनची बहुतेक कडी (वलये) फुटलेली आहेत आणि लहान साखळीची आम्ले तयार झालेली आहेत, पण कार्बन अजून पाण्यातच आहे. ही सरासरी आहे हे मात्र विसरू नये. थोडे क्विनोन आणि बरेच ऑक्झॅलिक आम्ल यांच्या मिश्रणातूनही हाच आकडा निघू शकतो, त्यामुळे एचपीएलसीवर ही संयुगे स्वतंत्रपणे ओळखणे टळत नाही.

तपकिरी रंगाचा उलगडाही येथेच होतो. लोह आणि पेरॉक्साइड यांच्यातून निर्माण होणारा अतिशय क्रियाशील हायड्रॉक्सिल रॅडिकल फिनॉलच्या कड्यावर हल्ला करतो तेव्हा प्रथम कॅटेकॉल आणि हायड्रोक्विनोन बनतात आणि त्यांच्यापासून क्विनोन. ही क्विनोने व त्यांची लोहाबरोबरची संकुले गडद रंगाची असतात. याच टप्प्यावर एक चमत्कारिक लाभ होतो. फेंटनमध्ये फेरस लोह पेरॉक्साइडशी झटपट अभिक्रिया करून फेरिक (अधिक ऑक्सिडीकृत रूपातले लोह) बनते, पण फेरिकचे पुन्हा फेरस होणे हजारो पटींनी मंद असते. हायड्रोक्विनोनसारखी संयुगे फेरिकचे क्षपण करून हे चक्र फिरते ठेवतात. कडी फुटून ती संपली की चक्र अडखळते, आणि पाठोपाठ तयार होणारे ऑक्झॅलिक आम्ल फेरिक लोहाला घट्ट धरून बसते. आपला टीओसीचा आलेख सुरुवातीला उतरून मग आडवा होत असेल, तर कारण बहुधा हेच आहे. तेव्हा नुसता वेळ वाढवून फार काही हाती लागणार नाही.

गाळणी

वरील उत्तराला जोडून पेरॉक्साइड वाढवण्याविषयी लिहितो. ते एकदम ओतू नये. पेरॉक्साइडचे प्रमाण फार वाढले की तेच हायड्रॉक्सिल रॅडिकल खाऊ लागते आणि त्यातून अतिशय दुबळा हायड्रोपेरॉक्सिल रॅडिकल बनतो. सुरुवातीला हे जाणवत नाही, कारण फिनॉलशी होणारी अभिक्रिया त्याहून शेकडो पटींनी जलद असते. शेवटी ऑक्झॅलिक आम्लासारखी हट्टी संयुगे उरतात, ज्यांच्याशी रॅडिकल फिनॉलच्या तुलनेत हजारपट किंवा त्याहूनही मंद गतीने अभिक्रिया करतो, आणि तेव्हा जास्तीचे पेरॉक्साइड स्पर्धा जिंकते. फेरस लोहही असेच रॅडिकल गिळते, त्यामुळे लोह वाढवल्याने सुरुवात जोरात होते, पण शेवट सुधारत नाही आणि गाळ मात्र वाढतो. पेरॉक्साइड थेंबाथेंबाने किंवा हप्त्याहप्त्याने द्यावे.

उष्णतेचा विचार आपल्या प्रश्नात आलेला नाही, म्हणून तो मुद्दाम मांडतो. फिनॉलचे पेरॉक्साइडने पूर्ण ऑक्सिडीकरण केल्यास, ज्वलनउष्णता आणि पेरॉक्साइडच्या विघटनाची उष्णता मिळून, दर मोल फिनॉलमागे साधारण ४,४०० किलोज्यूल बाहेर पडतात. दर लिटरला १ ग्रॅम फिनॉल असेल आणि उष्णता बाहेर गेली नाही, तर पाणी सुमारे ११ अंशांनी तापेल. बीकरमध्ये हे लक्षातही येत नाही. तेच प्रमाण १० ग्रॅम असेल तर हिशेबाने वाढ १०० अंशांच्या पुढे जाते. भांडे जितके मोठे तितके त्याचे पृष्ठफळ घनफळाच्या तुलनेत कमी, म्हणून बीकरमधली सुरक्षितता टाकीत गृहीत धरता येत नाही. आधी पीएच खाली आणावा, मग लोह मिसळावे आणि शेवटी, तापमानावर नजर ठेवून, पेरॉक्साइड सावकाश सोडावे. पीएच ५ च्या वर गेलेल्या लोहमिश्रित पाण्यात पेरॉक्साइड सोडल्यास ते प्रदूषकावर काम करण्याऐवजी फुकट ऑक्सिजन देत बसते, फेस येतो, आणि बंद भांड्यात दाबही वाढतो.

कार्बनशोधक

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. नमुना घेतल्यावर मी सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ९ पर्यंत वाढवतो, बसलेला लोहाचा गाळ गाळून काढतो आणि गाळलेल्या पाण्याचे सीओडी व टीओसी मोजतो. तर मग टीओसीमधील २० टक्के घटीपैकी काही भाग गाळात गेलेला कार्बन असू शकतो का? आणि शिल्लक पेरॉक्साइडचा सीओडीवर परिणाम होतो असे वाचले आहे, तो किती मोठा मानावा?

रॅडिकलमार्ग

दोन्ही शक्यता खऱ्या आहेत. ताज्या फेरिक हायड्रॉक्साइडवर सेंद्रिय आम्ले आणि रंगीत संयुगे चिकटतात. गाळ आम्लात विरघळवून त्याचा टीओसी मोजावा, म्हणजे पाण्यातला कार्बन, गाळातला कार्बन आणि वायुरूपात गेलेला कार्बन असा ताळेबंद पूर्ण होईल. खनिजीकरणाचा, म्हणजे सेंद्रिय कार्बनचे कार्बन डायऑक्साइड झाल्याचा, दावा या ताळेबंदावरच टिकतो.

शिल्लक पेरॉक्साइडचे सीओडी चाचणीतील डायक्रोमेटकडून ऑक्सिडीकरण होते आणि दर ग्रॅममागे सुमारे ०.४७ ग्रॅम सीओडी उगाच वाढतो. टीओसीवर मात्र त्याचा परिणाम नाही. पीएच वाढवल्याने पेरॉक्साइड फुटते, पण ते पूर्ण फुटलेच असे समजू नये; मोजून पाहावे आणि उरलेले असल्यास मँगनीज डायऑक्साइड किंवा कॅटलेज (पेरॉक्साइड फोडणारे विकर) वापरावे. सल्फाइट वापरत असाल तर ते जास्त होऊ देऊ नये, कारण तेही सीओडीत मोजले जाते. एचपीएलसीसाठी मिथेनॉल टाकून अभिक्रिया थांबवण्याची पद्धत सोयीची आहे, पण तो नमुना टीओसीसाठी वापरता येत नाही, त्यासाठी नमुना वेगळाच घ्यावा लागतो.

सूक्ष्मजीवी

माझा आक्षेप मुळाशी आहे. दर लिटरला १ ग्रॅम फिनॉल, आणि दुसरे काहीच नाही, असे पाणी फिनॉलला सरावलेले जिवाणू सहसा स्वतःच फस्त करू शकतात. मग महागडे पेरॉक्साइड खर्चून टीओसी शून्याजवळ नेण्याचा अट्टहास कशासाठी? फेंटनचे खरे क्षेत्र जिवाणूंना न पेलणारी संयुगे, उदाहरणार्थ क्लोरोफिनॉल, नायट्रोफिनॉल किंवा अनेक विषारी द्रव्यांची मिश्रणे हे आहे. तेथेही सगळा कार्बन रसायनांनी जाळण्यापेक्षा रेणू जिवाणूंना पचेल इतकाच मोडावा आणि उरलेले काम जैविक टाकीवर सोपवावे, हेच बहुधा परवडते. ऑक्झॅलिक आणि ॲसिटिक आम्ल फेंटनला जड जाते, पण जिवाणूंना ते अन्न असते. म्हणून आपल्या प्रबंधात टीओसीबरोबर बीओडी (जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) आणि सीओडी यांचे गुणोत्तर प्रत्येक टप्प्यावर काढावे; ते ०.४ च्या वर गेले की पाणी जैविक प्रक्रियेला योग्य समजण्याचा प्रघात आहे.

मात्र थांबण्याची जागा निवडताना तपकिरी टप्पा टाळलाच पाहिजे. हायड्रोक्विनोन आणि बेंझोक्विनोन हे प्रकाशमान जिवाणूंवरील चाचणीत फिनॉलपेक्षा कितीतरी अधिक विषारी ठरतात. म्हणजे फिनॉल ९९ टक्के गेला त्या क्षणी पाणी मूळ पाण्याहून घातक असू शकते.

ओझोन किंवा वेट एअर ऑक्सिडेशन यांनी प्रश्न सुटला नसता, फक्त उरणारे संयुग बदलले असते. ओझोन फिनॉलवर झटकन तुटून पडतो, पण ऑक्झॅलिक आम्लापाशी तोही अडतो. वेट एअर ऑक्सिडेशन साधारण १५० ते ३२० अंश सेल्सिअसला आणि मोठ्या दाबाखाली चालते; ॲसिटिक आम्ल त्याला दाद देत नाही, आणि आपल्याइतक्या विरळ पाण्यासाठी एवढे तापवणे परवडतही नाही. फेंटन सोडायचेच नसेल तर अतिनील प्रकाश जोडून पाहावा, कारण फेरिक-ऑक्झॅलेट संकुल प्रकाशात फुटते आणि आडवा झालेला टीओसीचा आलेख पुन्हा उतरू लागतो. परफ्लुओरोऑक्टॅनॉइक आम्लासारख्या संयुगांकडे वळण्याचा विचार मात्र या पद्धतीच्या भरवशावर करू नये. तेथील कार्बन-फ्लोरीन बंधापुढे हायड्रॉक्सिल रॅडिकलचे काही चालत नाही.

गाळणी

क्लोरोफिनॉल घेणार असाल तर मोकळा होणारा क्लोराइड आयन मोजावा. क्लोरीन रेणूपासून सुटला की नाही याचा तो थेट पुरावा आहे. त्यासाठी लोह सल्फेटच्याच रूपात घ्यावे आणि पीएच कमी करण्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल वापरू नये, नाहीतर मोजणीला अर्थ उरणार नाही. विषारीपणाची चाचणी लावण्याआधी पेरॉक्साइड शिल्लक नाही याची खात्री करून घ्यावी, कारण जिवाणू त्यानेही मरतात आणि दोष क्विनोनांवर जातो.