हिरमोड, अपेक्षाभंग की भ्रमनिरास?

कॅनेडियन गायक नील यंगचा 'हार्व्हेस्ट' हा अल्बम (१९७२) मी कॅसेटची फीत झिजेपर्यंत ऐकला आहे. गिटार, माउथ ऑर्गन आणि तो किंचित चिरका, एकटा आवाज. परवा त्याचाच 'ट्रान्स' लावला, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीचा. सगळीकडे सिंथेसायझर, आणि बऱ्याच गाण्यांत आवाज व्होकोडरमधून, म्हणजे माणसाचा आवाज यंत्रासारखा करणाऱ्या उपकरणातून, काढलेला. अर्ध्यावर बंद केला. त्यावर चार ओळी लिहायला बसले तर पहिलंच वाक्य 'निराशाजनक प्रायोगिक अल्बम' असं झालं. वाचल्यावर हवामान खात्याचं निवेदन वाटलं. इथे नेमका शब्द कोणता?

प्रतिसाद:
निराशाजनक हे निकाल, पाऊसमान आणि आपली मधली फळी यांच्यासाठी राखीव. बोलताना आपण निराशा वस्तूला चिकटवत नाही, ती माणसाला होते. 'माझा हिरमोड झाला' म्हणा. त्याचं विशेषण होत नाही, म्हणून वाक्यच फिरवावं लागतं. मात्र हिरमोड लहान असतो. सहल रद्द झाली, आमरसाच्या पातेल्यात तळाला काही उरलं नाही, तेव्हा तोंड एवढंसं होतं, तो.

प्रतिसाद:
'पचका झाला' लिहा की! पैसे घालून रेकॉर्ड घेतली असेल तर चपखल.

प्रश्नकर्ती:
फुकट ऐकला हो. पचक्याचाही हक्क नाही.

प्रतिसाद:
ताई, 'प्रायोगिक'वर कुणी बोललं नाही. प्रायोगिक तत्त्वावर सुरू होते ती बससेवा, नाही चालली तर बंद. नाट्यवाल्यांनी मात्र या शब्दाला मान मिळवून दिला, दादरच्या छबिलदास शाळेत प्रायोगिक नाटकं व्हायची त्या दिवसांपासून. माझ्या कानाला प्रयोगशील हा माणसाचा स्वभाव वाटतो आणि प्रायोगिक हे कामाचं रूप. म्हणून गायक प्रयोगशील, अल्बम प्रायोगिक. आणि मराठीत नाटकाचाही प्रयोगच असतो. शाळेच्या प्रयोगशाळेतला फसतो. रंगमंचावरचा रंगतो, नाहीतर रंगत नाही. तुमचा दुसऱ्या जातीचा दिसतोय.

प्रतिसाद:
अपेक्षाभंग टाळा. त्यातला 'भंग' वचनभंग, हक्कभंग, शांतताभंग यांच्या पंगतीतला; कुणीतरी काहीतरी कबूल केलेलं असावं लागतं. खरा अपेक्षाभंग त्याच्या कंपनीचा झाला. १९८३ मध्ये गेफन रेकॉर्ड्सने यंगवर ३३ लाख डॉलरचा दावा लावला. तक्रार काय, तर हे संगीत विकाऊ नाही आणि त्याच्या आधीच्या संगीतासारखं नाही. म्हणजे नील यंगवर दावा, तो नील यंगसारखा वाजत नाही म्हणून! दावा पुढे मिटला. तुमच्याशी त्याने कसला करार केला होता?

भ्रमनिरास हा शब्द वर्तमानपत्रांनी फार स्वस्त केलाय. भ्रमाचा निरास होणं मुळात चांगलंच, दोष भ्रमाचा असतो. 'ट्रान्स'मागची गोष्ट अशी: यंगच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूशी निगडित, हालचालींवर परिणाम करणारा विकार) होती, त्याला बोलता येत नव्हतं. व्होकोडर बोलण्याचे वेगवेगळ्या कंप्रतांचे पट्टे करतो आणि त्यांचे चढउतार सिंथेसायझरच्या सुरावर चढवतो. उच्चाराचा आकार थोडाफार उरतो, गळा जातो. शब्द नीट कळत नाहीत हा दोष नाही, तोच विषय आहे, असं यंगने पुढे सांगितलं. 'ट्रान्सफॉर्मर मॅन' हे त्या मुलाचंच गाणं. १९९३च्या 'अनप्लग्ड' या साध्या वाद्यांवरच्या मैफलीच्या अल्बममध्ये त्याने ते स्वतःच्या आवाजात गायलंय, दोन्ही लागोपाठ ऐका.

प्रश्नकर्ती:
ऐकली. साधं जास्त आवडलं, खोटं कशाला बोलू. पण ते ऐकून पुन्हा व्होकोडरवालं लावलं, आणि या वेळी मध्येच बंद करता आलं नाही. बाकी अल्बम अजूनही कोरडाच वाटतो. 'निराशाजनक' खोडलं. आता वाक्य असं आहे: 'प्रयोगशील गायकाचा हा प्रयोग माझ्यापुरता रंगला नाही. हिरमोड झाला.'

प्रतिसाद:
'माझ्यापुरता' छान. विरस कुणी सुचवलाच नाही. पण तो चारचौघांत होतो, एकटीने हेडफोन लावून नव्हे.