फार्मव्हिल, कँडी क्रश : विरंगुळा की मैत्रीचा वापर?

कोरडवाहू
परवा आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी फार्मव्हिलचा जुना स्क्रीनशॉट टाकला आणि सगळे हळहळले, काय दिवस होते ते! मला अजिबात हळहळ वाटली नाही. का, ते इथे सविस्तर मांडतो. पटलं नाही तर जरूर खोडून काढा.

फार्मव्हिल, म्हणजे स्क्रीनवर शेती करायचा खेळ, जून २००९ मध्ये फेसबुकवर आलं. वर्षभराच्या आत महिन्याला ८ कोटींहून जास्त लोक ते खेळत होते. वेळ वाया गेला अशी माझी तक्रार नाही. पत्ते कुटण्यात आणि क्रिकेट बघण्यात आपण काही कमी वेळ घालवत नाही. तक्रार आहे ती खेळाच्या रचनेबद्दल. स्ट्रॉबेरी चार तासांत तयार, भोपळा आठ तासांत, गहू तीन दिवसांत. तयार पीक वेळेवर काढलं नाही तर वाळून जायचं. खेळायला कधी बसायचं हे पीक ठरवायचं. ऑफिसातला माझा एक सहकारी मीटिंग लांबली की चुळबुळ करायचा, कारण त्याचं पीक काढणीला आलेलं असायचं. (ज्यात पाऊस दगा देत नाही आणि बाजारात भाव पडत नाही, त्याला शेती म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आमचं बार्शीकडे ज्वारी-तुरीचं रान आहे. पण तो वेगळा विषय.)

शेत वाढवायचं तर 'शेजारी' हवेत, म्हणजे फ्रेंड लिस्टमधली माणसं. शेजारी नसतील तर पैसे मोजा. २०१२ मध्ये फेसबुकवर आलेल्या कँडी क्रशचंही, म्हणजे रंगीत गोळ्या जुळवायच्या खेळाचंही, तेच. पाच लाइफ (खेळायच्या संधी) संपल्या की एकेक परत मिळायला अर्धा तास थांबा, नाहीतर मित्राकडे मागा, नाहीतर विकत घ्या. मित्राला आणि रुपयाला एकाच रांगेत उभं करणारा हा खेळ मला निरुपद्रवी वाटत नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये मार्क झुकरबर्ग दिल्लीच्या आयआयटीत आले, तेव्हा या कँडी क्रशच्या रिक्वेस्ट थांबवायच्या कशा, हे लोकांनी त्यांना भर सभेत विचारलं होतं. इतकी माणसं वैतागली होती.

अनुराधा_एडिसन
पूर्णपणे असहमत.

२०१० मध्ये लग्न होऊन मी न्यू जर्सीला आले. आई सांगलीत. हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक, मी उठायचे तेव्हा तिकडे संध्याकाळ. फोनवर 'जेवलीस का', 'थंडी आहे का' यापुढे गाडी जायची नाही. आई मुळात अबोल. भावाने तिला फेसबुक उघडून दिलं आणि ती माझी शेजारीण झाली. सकाळी लॅपटॉप उघडला की माझ्या पिकावर तिने खत घातलेलं दिसायचं. तिच्या शेतात वांग्यांच्या ओळीच्या ओळी. फायदा कशात जास्त याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं, तिला वांगीच लावायची होती. कडेने झाडं अशी लावायची की आमच्या जुन्या घरामागचं परसच वाटावं. मग फोनवर बोलायला विषय मिळाला. मी बदक पाळलं तर ती म्हणाली, आधी कुंपण घाल. एखाद्या दिवशी खत दिसलं नाही की मी लगेच फोन लावायचे, बरी आहेस ना? एकदा खरंच ताप होता तिला. तिने आपण होऊन कधीच सांगितलं नसतं.

या खेळाने माझ्या आईचा वापर केला असं तुम्ही म्हणता. मी म्हणते, आम्ही दोघींनी त्या खेळाचा वापर केला.

कोडवाला
मोबाइल गेम बनवणाऱ्या कंपनीत काम करतो, म्हणून बोलतो. हे खेळ फुकट आहेत आणि ते कुणीतरी चालवायचे आहेत. झिंगाने, म्हणजे फार्मव्हिलच्या कंपनीने, शेअर बाजारात उतरतानाच लिहून दिलं होतं की जवळपास सगळं उत्पन्न अगदी थोड्या खेळाडूंकडून येतं. बाकीचे कोट्यवधी लोक एक पैसा न देता खेळले. अनुराधाताईंच्या आईंचा एक रुपया तरी गेला का? आणि रिक्वेस्टचा त्रास म्हणाल, तर तो ब्लॉक करायची सोय होती.

शब्दवेडी
सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका ना. स्क्रॅब्युलस आठवतंय? कोलकात्याच्या रजत आणि जयंत अगरवाला या भावांनी बनवलेला शब्दांचा खेळ. त्यात काही वाळत नव्हतं, काही मागावं लागत नव्हतं. आपली चाल खेळायची, समोरचा सवडीने खेळेल. पुण्यातल्या माझ्या निवृत्त बाईंशी माझा एकेक डाव आठवडाभर रेंगाळायचा आणि त्यातच मजा होती. मूळ स्क्रॅबल खेळाचे तिकडचे हक्क असलेल्या हॅस्ब्रो कंपनीने २००८ मध्ये कोर्टात खेचल्यावर अमेरिका-कॅनडात तो बंद झाला, पुढे लेक्स्युलस नावाने आला. मित्रांबरोबर खेळायचा खेळ टोचणी न लावताही बनवता येतो, एवढंच मला दाखवायचंय.

कोरडवाहू
शब्दवेडी, अगदी हेच.

अनुराधाताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. तो ओलावा खरा आहे आणि तो तुमच्या दोघींचा आहे. त्याचं श्रेय मी त्या कंपनीला देणार नाही. २०११ मध्ये फेसबुकच्या एकूण उत्पन्नातला १२ टक्के वाटा झिंगामुळे आलेला होता. वॉल स्ट्रीट जर्नलने ऑक्टोबर २०१० मध्ये छापलं की फार्मव्हिलसारखी ॲप्स वापरणाऱ्यांचे फेसबुक आयडी जाहिरात कंपन्यांकडे जात होते. म्हणजे कोडवाला, पैसा न देणारेसुद्धा काहीतरी देतच होते. आणि तो खेळ ज्यावर चालायचा ते फ्लॅश सॉफ्टवेअर बंद पडलं तसं ३१ डिसेंबर २०२० ला फेसबुकवरचं ते फार्मव्हिलही बंद झालं. ताई, आईंची वांगी आज कुठे आहेत?

दोन_मुलांचा_बाबा
मला जुन्या शेतापेक्षा आजची काळजी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, चांगलंच झालं. पण हे लाइफ आणि हिरे विकणारे खेळ त्यात येत नाहीत, कारण इथे डाव लावून पैसे जिंकायचे नसतात. माझी धाकटी नऊ वर्षांची आहे. टायमर संपेपर्यंत ती फोन हातातून ठेवत नाही, रडकुंडीला येते. तिच्याशी वाद घालताना 'ब्लॉक करायची सोय आहे' हे उत्तर माझ्या काय कामाचं?

अनुराधा_एडिसन
वांगी गेली, खरंय. आईने शेवटच्या आठवड्यात सगळं पीक काढून घेतलं, परत पेरलं नाही. तिला वाईट वाटलं आणि मलाही. पण तोवर आम्हाला एकमेकींशी बोलायची सवय लागली होती, ती गेली नाही. आता व्हिडिओ कॉलवर बसतो, ती खऱ्या कुंड्या दाखवते. बाबा, तुमच्या मुलीचं मात्र पटतं. मोठ्या माणसाने स्वतःहून शेत लावणं वेगळं आणि नऊ वर्षांच्या पोरीला टायमर लावणं वेगळं.

कोरडवाहू
मग कोडवाला, सरळ विचारतो. टायमर काढा, मित्रांकडे हात पसरायला लावू नका, एकदाच काय ती किंमत घ्या. असा खेळ तुमची कंपनी काढेल?

कोडवाला
काढला होता. दीडशे रुपये किंमत ठेवली. इन्स्टॉल इतके कमी आले की दोन महिन्यांत तो फुकट केला आणि लाइफ विकायला लागलो. तुमच्यापैकी किती जणांनी आजवर एखाद्या मोबाइल गेमला आधी पैसे मोजलेत, तेवढं इथे लिहा. मी सोमवारी ऑफिसात दाखवतो.