एफटीसी: दुसऱ्या टीमकडून कंट्रोल हब आणि मोटर उसन्या घेतल्या तर चालतात का?

घोडबंदर_रोबो:
नमस्कार सगळ्यांना. आमची टीम ठाण्याची, एफटीसी म्हणजे फर्स्ट टेक चॅलेंज या शाळकरी मुलांच्या रोबो स्पर्धेत खेळतो, सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये काम चालतं. इव्हेंट तोंडावर आलाय आणि आमच्या कंट्रोल हबचा (रोबो चालवणारा मुख्य संगणक) एक मोटर पोर्ट मधेच बंद पडतोय, चाक फिरता फिरता थांबतं, केबल बदलून बघितली, मोटर बदलून बघितली, तीच मोटर दुसऱ्या पोर्टला लावली की व्यवस्थित फिरते म्हणजे दोष हबमध्येच आहे. सगळे पोर्ट वापरात आहेत त्यामुळे तो एक सोडून देता येत नाही. नवीन मागवला तर अमेरिकेतून येणार, कस्टममधून सुटणार कधी आणि आम्ही बसवणार कधी. नेरुळच्या एका टीमशी आमची चांगली ओळख आहे, त्यांच्याकडे एक जास्तीचा हब आणि गोबिल्डा कंपनीच्या दोन मोटर पडून आहेत, ते द्यायला तयार आहेत. त्यांचे सर तर म्हणाले मागच्या सीझनची, वर उचलणारी लिफ्टच जोडलेली आहे तशी घेऊन जा. आमच्यातले दोघं लिफ्टसाठी हटून बसलेत, मला ते पटत नाहीये. नियमात काय बसतं? इन्स्पेक्शनला सांगावं लागतं का? आणि त्यांना जास्तीचा हब स्वतःलाच लागला तर एकच हब मॅचच्या मधल्या वेळात आलटून पालटून वापरता येईल का?

ऐरोलीचा_माजी_खेळाडू:
हब आणि मोटर बिनधास्त घे रे. बिल कोणाच्या नावावर आहे ते इन्स्पेक्टर बघत नाही, पार्ट नियमात बसणारा आहे का आणि संख्या मर्यादेत आहे का ते बघतात. एमआयटीच्या वूडी फ्लॉवर्स सरांनी 'ग्रेशियस प्रोफेशनलिझम' म्हणून जे फर्स्टमध्ये, म्हणजे ही स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेत, रुजवलं ते हेच, समोरच्याला स्पेअर द्यायचा आणि मग मैदानात त्याच्याशीच जीव तोडून खेळायचं. पिटमध्ये, टीम रोबो दुरुस्त करतात तिथे, तर माईकवरून विचारतात अमुक टीमला अमुक पार्ट हवाय, कोणाकडे आहे का, आणि लोक पळत घेऊन येतात.

खरं काम हब हातात आल्यावर आहे. त्याचं नाव त्यांच्या टीम नंबरचं असणार, ते बदलून तुमचा नंबर आणि पुढे आरसी (रोबो कंट्रोलर) असं करा, मग ड्रायव्हर हब (खेळाडूंकडचा स्क्रीन) त्याला नव्याने जोडा, दोन्हीकडच्या अ‍ॅपचं व्हर्जन सारखं ठेवा. तुमचा कोड ब्राउझरमधून लिहायच्या ब्लॉक्समध्ये किंवा ऑनबॉट जावामध्ये असेल तर तो लॅपटॉपवर नसतो, हबमध्येच असतो, म्हणून जुना हब काढायच्या आधी सगळं डाऊनलोड करून घ्या. कॉन्फिगरेशनमध्ये, म्हणजे कोणत्या पोर्टला काय जोडलंय त्या यादीत, मोटरची नावं कोडशी तंतोतंत जुळली पाहिजेत, कॅपिटल अक्षर इकडचं तिकडे झालं तरी एरर येणार. आणि सगळ्यात चकवणारी गोष्ट म्हणजे आयएमयू, रोबोची दिशा सांगणारा हबमधला सेन्सर. जुन्या हबमध्ये बीएनओ०५५ चिप आहे, नंतरच्यांमध्ये बीएचआय२६०, त्यामुळे जुनी कॉन्फिगरेशन फाईल तशीच नव्या हबवर टाकली तर रोबो नीट चालतो पण ऑटोनॉमसमध्ये, रोबो आपोआप चालतो त्या वेळात, दिशेचा पत्ता लागत नाही. कॉन्फिगरेशन नव्या हबवर नव्यानेच बनवा, आणि हब आडवा होता तो उभा बसवला तर कोडमध्ये तेही बदला.

खारघरचे_मेंटर:
वरचं सगळं बरोबर आहे. मोटर मोजताना फक्त एक लक्षात ठेवा, एका रोबोवर आठच, उसन्या धरून.

लिफ्टच्या बाबतीत तुझं बरोबर आहे बाळा, त्या दोघांना समजाव. रोबो आणि त्याचे मोठे मेकॅनिझम तुमच्याच टीमने बनवलेले असले पाहिजेत असा नियम आहे. म्हणजे मदत बंद असं अजिबात नाही, त्यांनी तुम्हाला एखादी प्लेट कापून दिली, कोड लिहायला बसले, जोडताना धरायला आले तर सगळं चालतं. पण पॅड उसने घेतले तरी बॅटिंग आपल्यालाच करायची असते ना, जोडलेली लिफ्ट आणून चार स्क्रूंनी बसवली की ते काम तुमचं राहत नाही. लिफ्ट आणा पण सुटी करा, स्लाईड, पुली, दोरी वेगळी काढा आणि यंदाच्या गेमला किती उंची लागते ते बघून स्वतः मांडा, प्लेट लागली तर वागळे इस्टेटमध्ये अ‍ॅल्युमिनियम कापून मिळतं. जजेस मेंटरला नाही, मुलांना विचारतात, दोरी याच बाजूने का घेतली, हीच पुली का. दुसऱ्याने केलेल्या कामावर मुलं गप्प बसतात हे बघवत नाही हो. जजेसना द्यायचा पोर्टफोलिओ पंधरा पानांचाच असतो तरी त्यात एक ओळ टाका की हे पार्ट अमुक टीमकडून आले, जजेसना ते आवडतं.

आलटून पालटून हब वापरायचा विचार सोडा. शेड्यूलमध्ये दोन्ही टीम एकाच मॅचमध्ये आल्या, मग अलायन्स म्हणून एकाच बाजूने असो की समोरासमोर, तर काय करणार? शिवाय इन्स्पेक्शन झाल्यावर एवढा मोठा बदल केला की परत इन्स्पेक्शन, दर मॅचला रांगेत कोण उभं राहणार. यंदाचं मॅन्युअल स्वतः वाचा, दर सीझनला नियम बदलतात, आणि शंका उरली तर अधिकृत प्रश्नोत्तरांमध्ये विचारा, तिथलं उत्तर सगळीकडे ग्राह्य धरतात.

वाशीची_आई:
आमच्या मुलीच्या टीममध्येही देवाणघेवाण चालू असते म्हणून सांगते, मुलांनी आपापसात ठरवलं तरी दोन्हीकडच्या पालकांना आणि सरांना माहीत असू दे. हब स्वस्तातली वस्तू नाही, त्याचे पैसे कोणाच्या तरी घरातून गेलेले असतात. घेताना हबचा फोटो काढून दोन्ही टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका, सिरियल नंबर दिसेल असा, त्यावर रंगीत टेप लावून त्यांचा टीम नंबर लिहा आणि परत कधी देणार ते आत्ताच लिहून टाका. इव्हेंट संपल्यावर सामान भरायच्या गडबडीत कोणाच्या खोक्यात काय गेलं कळत नाही, आणि मग मुलांची चांगली मैत्री विनाकारण बिघडते.

घोडबंदर_रोबो:
खूप आभार सर, दादा, काकू. लिफ्ट सुटी करूनच आणायची असं आज सगळ्यांशी बोलून ठरवलं, ते दोघंही तयार झाले. शनिवारी ठाण्याहून नेरुळ लोकलने जातोय. अजून एकच, आमचा बाकीचा रोबो रेव्ह कंपनीच्या पार्टचा आहे, ५ मिमीचे हेक्स शाफ्ट, त्या गोबिल्डाच्या मोटर बसतील का?

ऐरोलीचा_माजी_खेळाडू:
थेट नाही बसणार, गोबिल्डाचा शाफ्ट ८ मिमीचा आणि भोकं एम४ स्क्रूची, रेव्हचं सगळं एम३. त्यांच्याकडेच दोन शाफ्ट जोडणारा कपलर असेल तर मागून घे, नाहीतर ती जोडी लिफ्टलाच लाव, तिथल्या पुली बहुतेक गोबिल्डाच्याच असतील. आणि मोटरच्या वायरचं टोक हबच्या पोर्टला सरळ लागत नाही, अ‍ॅडाप्टर केबल लागते, पॉवरची वेगळी आणि एन्कोडरची (मोटर किती फिरली ते मोजणाऱ्या सेन्सरची) वेगळी, दोन्ही मोटरसाठी मागून घे आणि तिथेच एकदा लावून फिरवून बघ मगच निघ.