नव्या रिंगा, तरी तिसरा गिअर कर्र करतो?
पद्मिनी गाडीच्या गिअरबॉक्सला नव्या सिंक्रो रिंगा (गिअर लागण्याआधी वेग जुळवणाऱ्या पितळी कड्या) टाकूनही तिसरा करकरतोय म्हणता. रिव्हर्सही करकरत असेल तर आधी क्लच बघा, तो पूर्ण सुटत नसेल. फक्त तिसराच असेल तर बॉक्स पुन्हा खोलावा लागणार, इलाज नाही.

रिंग गिअरच्या कोनावर (शंकूसारख्या निमुळत्या भागावर) दाबून फिरवा, लगेच पकडली पाहिजे. मग रिंग आणि गिअरच्या दातांमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तीन जागी मोजा. साधारण १ मिमी ठीक, ०.५ च्या खाली असेल तर कोनच झिजलाय, नुसती रिंग बदलून उपयोग शून्य.

गिअर ऑइल जीएल-४ दर्जाचंच घाला, जीएल-५ मधलं गंधक पितळ खाऊ शकतं. आणि सिलेक्टर शाफ्ट (गिअर निवडणारा दांडा) ओढताना भोकावर फडकं धरा, डिटेंटची, म्हणजे दांडा जागेवर धरणारी गोळी स्प्रिंगसकट उडते. इंटरलॉक पिन विसरलात तर दोन गिअर एकदम लागून बॉक्स जाम.