विद्यापीठाकडून खेळलो, पण शाळेच्या पोट्ट्यांना शिकवता येऊन नाही राहिलं, काय करू?

धरमपेठचा मिडफिल्डर
नमस्कार मंडळी, थोडं लांबन पण वाचून घ्या. मी पाच वर्षांआधी नागपूर विद्यापीठाच्या टीममधून फुटबॉल खेळलो, मिडफिल्डला. आता तीन महिन्यांपासून एका शाळेत संध्याकाळी कोचिंगला जाऊन राहिलो. प्रॉब्लेम असा की खेळताना जे मला आपोआप जमायचं ते सांगताच येत नाही. पास कुठे टाकायचा ते मला बाहेरून दिसते, पोट्ट्यांना आतून दिसत नाही, मग मी ओरडतो आणि ते अजूनच गडबडतात. परवा नववीतला एक पोट्टा रडला, तेव्हापासून माझंच मन लागून नाही राहिलं. यूट्यूबवर पाहिलं की अमेरिकेत कॉलेजचे जुने क्वार्टरबॅक, म्हणजे तिकडच्या फुटबॉलमध्ये टीमचा खेळ चालवणारे, बॉल फेकणारे खेळाडू, हायस्कूलचे कोच होतात आणि अख्खं गाव त्यांना मानते. त्यांना कसं जमते हे? कोणी तिकडे असन तर सांगा ना.

ऑस्टिनवाला वऱ्हाडी
भाऊ, तिकडचं फुटबॉल म्हणजे बॉल हातात घेऊन पळायचं, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे गेले नाही तर बॉल समोरच्यांचा. क्वार्टरबॅककडे बॉल आला की फेकायला जेमतेम तीन सेकंद, तेवढ्यात समोरचा डिफेन्स कसा हलला ते वाचायचं, आणि आपले बाकी दहा जण कुठे जाणार हे तर त्याला पाठच पाहिजे. म्हणून तो खेळता खेळताच अर्धा कोच होते.
पण अर्धाच. टॉड डॉज नावाचे कोच आहेत, 80च्या दशकात टेक्सास विद्यापीठाचे क्वार्टरबॅक होते. साउथलेक कॅरल हायस्कूलला त्यांनी 2002, 2004, 2005, 2006 असं चारदा राज्याची स्पर्धा जिंकून दिली, 2003ची फायनल गेली ती फक्त एका पॉइंटनं, 16-15. मग नॉर्थ टेक्सास विद्यापीठानं बोलावलं आणि तिथे 43 मॅचमध्ये 6 जिंकल्या, 2010च्या सीझनमध्ये मधातच काढलं त्यांना. माणूस तोच, डोकं तेच! पुढे ते पुन्हा शाळेत आले, इथल्या वेस्टलेकला, आणि 2019, 2020, 2021 लागोपाठ तीन वेळा राज्याची स्पर्धा जिंकली. त्यातली 2020च्या सीझनची फायनल जानेवारी 2021 मध्ये झाली, समोर साउथलेक कॅरल आणि तिथला कोच त्यांचाच मुलगा रायली, तोही कॉलेजचा क्वार्टरबॅक. बापानं 52-34 जिंकली. मी टीव्हीवर पाहिली ती मॅच, नंतर बापलेक भेटले तेव्हा मला आमच्या बाबांची आठवण आली, खरं सांगतो.
तुझे तर तीनच महिने झाले, एवढ्यात स्वतःचा निकाल लावू नको.

गणितवाल्या मॅडम
मी 22 वर्षं शाळेत शिकवते, फुटबॉलमधलं फार कळत नाही, पण जॉन किटना यांच्याबद्दल वाचलं होतं. सेंट्रल वॉशिंग्टन विद्यापीठाचे क्वार्टरबॅक, मोठ्या लीगमध्ये खूप वर्षं खेळले आणि 2012 मध्ये टकोमाच्या लिंकन हायस्कूलला, म्हणजे स्वतःच्याच शाळेत, कोच म्हणून आले आणि सोबत बीजगणितही शिकवायला लागले. 2013च्या डिसेंबरमध्ये डॅलसच्या टीमला गरज पडली म्हणून एका आठवड्यासाठी परत गेले आणि मिळालेले 53,000 डॉलर शाळेला देऊन टाकले.
मला त्यातलं बीजगणित महत्त्वाचं वाटतं. वर्गात उत्तर मला येतच असतं, त्याचा पोराला उपयोग शून्य. त्याची कोणती पायरी चुकली ते त्याच्याच तोंडून काढावं लागतं. तू ओरडतोस तेव्हा तू उत्तर सांगतोस बाळा. आणि त्या नववीच्या मुलाशी आधी बोल, सगळ्यांसमोर ओरडला असशील तर सॉरीही सगळ्यांसमोरच म्हण.

कामठी लेफ्ट विंग
मॅडम बरोबर बोलल्या. आमचे सर शिट्टी मारायचे की सगळे आहे तिथे थांबा, एक पाऊलही हलायचं नाही. मग बॉलवाल्याला विचारायचे, "सांग, तुले कोण कोण दिसून राहिलं?" मी पहिल्या दिवशी एकच नाव सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत चार सांगत होतो. सर कधीच म्हणाले नाही की चूक आहे. अमेरिकेतलं पाह्य, पण आपल्या इथलंही पाह्य भाऊ, हिस्लॉप कॉलेजच्या विजय बारसे सरांनी पावसात तुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी पोट्टी पाहिली आणि 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या पोट्ट्यांना फुटबॉल शिकवणारी स्लम सॉकर ही संस्था उभी केली. त्यांनी आधी पाहिलं ना, मग शिकवलं.

धरमपेठचा मिडफिल्डर
सगळ्यांचे मनापासून आभार. आज ग्राउंडवर जाऊन आधी त्या पोट्ट्याला सगळ्यांसमोर सॉरी म्हटलं, तो लाजून खालीच पाहत होता. मग शिट्टीवालं केलं. त्यालाच विचारलं कोण दिसते, तो म्हणे "सर, उजवीकडचा दिसते पण त्याच्या डाव्या पायावर बॉल गेला तर त्याच्यानं मारता येत नाही म्हणून देत नाही." तीन महिने मी त्याला हाच पास दे म्हणून ओरडत होतो! आता उद्यापासून त्या उजवीकडच्याचा डावा पाय सुधरवाचा आहे, भिंतीवर बॉल मारण्याशिवाय काही ड्रिल माहीत असन तर सांगा.