अमेरिकेने दिलेलं नागरिकत्व कधीपर्यंत काढून घेता यावं?

चौकस: जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने नागरिकत्व रद्द करण्याच्या दाव्यांना प्राधान्य द्यायचं ठरवलं. तेव्हापासून इथल्या मराठी मंडळींच्या गप्पांत हाच विषय. फसवून नागरिकत्व घेतल्याच्या फौजदारी खटल्याला दहा वर्षांची मुदत आहे, ते रद्द करण्याच्या दिवाणी दाव्याला मुदतच नाही. शिवाय तिथे ज्यूरी नाही की सरकारी खर्चाने वकील नाही. माझं मत: पंधरा वर्षांनंतर दावा चालूच नये.

सांगलीकर: म्हणजे लबाडाने पंधरा वर्षं तोंड मिटून बसायचं, झालं काम! जॉन डेम्यान्युक नाझी छावणीतली पहारेकऱ्याची नोकरी लपवून १९५८ मध्ये नागरिक झाला. दावा लागला १९७७ मध्ये. तुमच्या नियमाने तो सुटला असता.

वकीलीणबाई: उदाहरण अर्धंच दिलंत. १९८१ मध्ये त्याचं नागरिकत्व गेलं आणि १९९८ मध्ये परत मिळालं, कारण सरकारी वकिलांनीच पुरावे दडवले होते! २००२ मध्ये नव्या दाव्यात ते पुन्हा गेलं. त्यामुळे मला मुदतीपेक्षा पुरावा महत्त्वाचा वाटतो. सुप्रीम कोर्टाच्या १९४३ च्या श्नायडरमन निकालापासून तो स्पष्ट आणि निःसंदिग्ध लागतो. २०१७ च्या मास्लेन्याक खटल्यात (तो फौजदारी होता) सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की, ज्या खोट्याचा नागरिकत्व मिळण्यात काही वाटा नाही, त्यावरून ते काढता येत नाही. सुनावणीत सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी, आपण कधीकाळी ताशी ५५ मैलांच्या हद्दीत ६० ने गाडी हाकली होती, ते नागरिकत्वाच्या फॉर्मवर लिहिलं नाही तर काय, असंच विचारलं होतं.

सांगलीकर: वेगमर्यादेचं सोडा हो, त्यावरून कोण कुणाला हाकलतंय? खोटं बोलून घेतलेलं नागरिकत्व मुळात मिळालेलंच नसतं.

चौकस: आणि खोटं न बोलता घेतलेलं? सुप्रीम कोर्टाच्या १९२३ च्या थिंड निकालाने हिंदी (म्हणजे भारतीय) लोक 'गोरे' नाहीत, म्हणून नागरिकत्वाला अपात्र, असं ठरवलं, आणि १९१४ पासून नागरिक असलेल्या सखाराम गणेश पंडितांवर सरकारने दावा लावला. ते स्वतः वकील, १९२६ मध्ये अपिलात जिंकले. इतर कित्येक हिंदी लोकांचं नागरिकत्व गेलं ते गेलंच.

सांगलीकर: तो वंशभेदी कायदा होता, कधीच गेला. इथे फसवणुकीबद्दल बोलतोय आपण.

वकीलीणबाई: कायदा गेला, पण सरकारला जुनी फाइल कधीही उघडता येते, ते कुठे गेलंय? तरी चौकस, पंधराच वर्षं का, हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही.